आयातशुल्क-अधिकार, अमेरिकी राष्ट्राध्यक्षाचे

परदेशातून येणाऱ्या मालावर शुल्क बसविणे, ते वाढविणे वा कमी करणे यांसंबंधी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राष्ट्राध्यक्षास निरनिराळ्या अधिनियमांन्वये मिळालेले अधिकार आणि त्या अधिकारांवरील वैधानिक मर्यादा. या देशाच्या संविधानाने राष्ट्राध्यक्षास सेनेचे आधिपत्य, तह करण्याचा अधिकार, नेमणुका आणि विधेयकांवरील नकाराधिकार दिला. कर बसविण्याचा अधिकार मात्र दिला नाही. तो काँग्रेसचा, म्हणजे प्रतिनिधिगृह व सीनेट यांच्या मिळून होणाऱ्या विधिमंडळाचा अधिकार होय. त्यामुळे आयातशुल्काच्या बाबतीत राष्ट्राध्यक्षाकडे जो काही अधिकार दिसतो, तो काँग्रेसने अधिनियमाद्वारे त्याच्या हाती सोपविलेला असतो. कोणत्या कारणासाठी, कोणत्या चौकशीनंतर, किती दराने आणि किती काळ हा अधिकार वापरावयाचा, हे त्या त्या अधिनियमाने ठरविलेले असते. या अटी म्हणजेच त्या अधिकाराच्या मर्यादा होत.

हा प्रश्न केवळ शासनयंत्रणेतील अधिकारवाटपाचा नाही. आयातशुल्क परराष्ट्राचे सरकार भरीत नाही. बंदरावर माल सोडवून घेणारा देशातील आयातदार ते भरतो. शुल्काचा काही भाग परदेशी विक्रेता किंमत उतरवून सोसतो, काही आयातदाराच्या नफ्यातून जातो आणि उरलेला वाढीव किमतीच्या रूपाने ग्राहकाकडून वसूल होतो. आयातशुल्क हा अशा रीतीने नागरिकांवरील कर असल्यामुळे तो कोणाच्या संमतीने बसविला जातो, हा प्रश्न अमेरिकी लोकशाहीच्या मुळाशी जाऊन भिडतो.

घटनात्मक आधार : अमेरिकी वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध जो लढा उभारला, त्याचे एक प्रमुख कारण करविषयक होते. मुद्रांकाचा कर (१७६५), काच, कागद, रंग व चहा यांवरील टाउनशेंड शुल्के (१७६७) आणि त्यानंतरचा चहाचा तंटा (१७७३) यांतून प्रतिनिधित्वावाचून कर नसावा, हे तत्त्व दृढ झाले. १७८७ साली संविधान तयार करताना त्याच्या कर्त्यांनी पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात कर व शुल्के बसविण्याचा आणि वसूल करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला व शुल्के सर्व देशभर एकसारखी असली पाहिजेत, अशी अट घातली. परराष्ट्रांशी होणाऱ्या व्यापाराचे नियमनही त्याच कलमाने काँग्रेसकडे ठेवले. सातव्या कलमानुसार महसुलाची विधेयके प्रथम प्रतिनिधिगृहातच मांडली गेली पाहिजेत. नवव्या कलमाने घटक राज्यांतून होणाऱ्या निर्यातीवर कर वा शुल्क बसविण्यास संघशासनाला मनाई केली. दहाव्या कलमाने घटक राज्यांना काँग्रेसच्या संमतीवाचून आयात वा निर्यात मालावर शुल्क लावण्याची मनाई केली; तपासणीच्या खर्चापुरताच त्यास अपवाद ठेवला.

नव्या काँग्रेसच्या अगदी प्रारंभीच्या अधिनियमांपैकी एक आयातशुल्काचा होता. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १७८९ रोजी स्वाक्षरी केली. पुढे सबंध एकोणिसाव्या शतकात आयातशुल्क हे संघशासनाच्या महसुलाचे प्रमुख साधन होते आणि दर ठरविण्याचे काम काँग्रेस स्वतःच करीत असे. १८२८ व १८३२ च्या अधिनियमांतील चढ्या दरांमुळे दक्षिणेकडील राज्ये प्रक्षुब्ध झाली. साउथ कॅरोलायनाने ते अधिनियम आपल्या हद्दीत रद्दबातल ठरविले आणि संघराज्याचे अस्तित्वच धोक्यात आले. १८३३ मध्ये दर क्रमाक्रमाने उतरविणारा तडजोडीचा अधिनियम करून काँग्रेसने तो पेच सोडविला. शुल्काचे दर हा राजकीय संघर्षाचा विषय होता आणि त्याचा निर्णय विधिमंडळातच होत असे.

अधिकारदानाचा प्रारंभ : व्यापार जसजसा वाढला, तसतशी प्रत्येक दराची बारकाई काँग्रेसला झेपेनाशी झाली. १८९० च्या मॅकिन्ली अधिनियमाने साखर, काकवी, कॉफी, चहा व कातडी हे जिन्नस शुल्कमुक्त ठेवले. परंतु ते पाठविणारा देश अमेरिकी मालावर अन्यायकारक शुल्क लावीत असल्याचे आढळल्यास ही सवलत स्थगित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास दिला. सवलत स्थगित झाल्यावर लागू व्हावयाचे दर मात्र अधिनियमातच नमूद होते. फील्ड विरुद्ध क्लार्क (१८९२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसला दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु येथे राष्ट्राध्यक्ष कायदा करीत नसून अधिनियमात सांगितलेली परिस्थिती उद्भवली की नाही एवढेच पाहून जाहीर करतो, असा त्याने निर्वाळा दिला.

१९२२ च्या फोर्डनी-मॅकंबर अधिनियमाने पुढचे पाऊल टाकले. देशी व परदेशी उत्पादनखर्चांतील अंतर भरून काढण्यासाठी, शुल्क आयोगाच्या चौकशीनंतर, दर ५० टक्क्यांपर्यंत वाढविण्याचा वा कमी करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास मिळाला. १९२४ मध्ये कूलिज यांनी बेरियम डायऑक्साइडवरील शुल्क पौंडामागे ४ सेंटांवरून ६ सेंट केले. त्यास आव्हान देणाऱ्या हॅम्प्टन खटल्यात (१९२८) सरन्यायाधीश टॅफ्ट यांनी एक कसोटी घालून दिली. अधिकार सोपविताना काँग्रेसने त्याच्या वापरासाठी आकलनीय असे तत्त्व सांगितले असेल, तर ते अधिकारदान वैध होय. ही कसोटी पुढे सर्व प्रशासकीय विधीत रूढ झाली. एका रसायनावरील दोन सेंटांच्या वाढीचा हा खटला आधुनिक अमेरिकी शासनव्यवस्थेचा एक आधारस्तंभ ठरला.

१९३० च्या स्मूट-हॉली अधिनियमाने काँग्रेसने हजारो जिनसांचे दर पुन्हा स्वतः ठरविले. मतदारसंघांतील उत्पादकांच्या मागण्यांची परस्पर देवघेव होऊन दर चढत गेले. १,०२८ अर्थशास्त्रज्ञांनी विरोध दर्शवूनही राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. अन्य देशांनी प्रत्युत्तरादाखल आपापली शुल्के वाढविली आणि महामंदीच्या काळात जागतिक व्यापार आणखी आकसला. या अनुभवानंतर, परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या पुढाकाराने, १९३४ चा अन्योन्य व्यापार करार अधिनियम संमत झाला. परराष्ट्रांशी करार करून त्यायोगे प्रचलित दर निम्म्यापर्यंत बदलण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास तीन वर्षांपुरता देण्यात आला व पुढे वेळोवेळी त्याची मुदत वाढविण्यात आली. काँग्रेसने त्यानंतर स्वतः सर्वसाधारण दरपत्रक नव्याने रचलेले नाही. शुल्क उतरविण्यासाठी राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिलेले हे साधन पुढे शुल्क चढविण्याच्या तरतुदींनाही वाट करून देणारे ठरले.

विविध अधिनियमांतील मर्यादा : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काँग्रेसने जे अधिकार दिले, त्यांपैकी पुढील महत्त्वाचे आहेत. प्रत्येकाचे कारण व अटी वेगवेगळ्या आहेत.

(१) राष्ट्रीय सुरक्षा : १९६२ च्या व्यापार विस्तार अधिनियमाच्या २३२ व्या कलमान्वये एखाद्या मालाच्या आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षेस बाधा येण्याचा धोका असल्यास राष्ट्राध्यक्ष त्या आयातीत आवश्यक तो फेरबदल करू शकतो. तत्पूर्वी वाणिज्यमंत्र्याने २७० दिवसांच्या आत चौकशी पूर्ण करून अहवाल द्यावा लागतो. राष्ट्राध्यक्षास निर्णयासाठी ९० दिवस व अंमलबजावणीसाठी आणखी १५ दिवस मिळतात. दराची वा मुदतीची कमाल मर्यादा मात्र या कलमात नाही. फोर्ड यांनी १९७५ मध्ये या कलमान्वये आयात तेलावर परवानाशुल्क बसविले. अल्गॉन्क्विन खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने वैध ठरविले. २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के व ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क याच कलमाखाली लावण्यात आले.

(२) देशी उद्योगांचे संरक्षण : १९७४ च्या व्यापार अधिनियमाच्या २०१ व्या कलमान्वये वाढत्या आयातीमुळे एखाद्या देशी उद्योगास गंभीर हानी पोहोचत असल्याचे आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने चौकशीअंती ठरविल्यास राष्ट्राध्यक्षास तात्पुरते शुल्क लावता येते. या आयोगाचे सहा सदस्य असून त्यांपैकी तिघांहून अधिक सदस्य एकाच पक्षाचे असू शकत नाहीत. वाढ प्रचलित दरावर ५० टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, मुदत प्रथम चार व एकूण आठ वर्षांहून जास्त नसावी, अशा मर्यादा आहेत. १९८३ मध्ये रेगन यांनी मोठ्या मोटारसायकलींवरील शुल्क ४·४ टक्क्यांवरून ४९·४ टक्क्यांवर नेले. ते पाच वर्षांत क्रमाने उतरावयाचे होते. २००२ मध्ये पोलादावर लावलेले शुल्क २००३ अखेर मागे घेण्यात आले.

(३) अनुचित व्यापारास प्रत्युत्तर : त्याच अधिनियमाच्या ३०१ व्या कलमान्वये परराष्ट्राची एखादी धोरणपद्धती अवाजवी वा भेदभावकारक असून अमेरिकी व्यापारास जाचक असल्याचे व्यापार प्रतिनिधीने चौकशीत ठरविल्यास प्रतिशुल्क लावता येते. चौकशीत संबंधित देशाशी विचारविनिमय व लोकांकडून हरकती मागविणे आवश्यक असते. चिनी मालावरील २०१८ पासूनची शुल्के या कलमावर आधारलेली आहेत.

(४) व्यवहारशेषातील तूट : १२२ वे कलम आंतरराष्ट्रीय व्यवहारशेषातील मोठी व गंभीर तूट किंवा डॉलरच्या मूल्याची नजीकच्या काळात होऊ घातलेली लक्षणीय घसरण यांकरिता आहे. या कलमाखाली चौकशी लागत नाही. मात्र अधिभार १५ टक्क्यांहून अधिक नसावा आणि १५० दिवसांनंतर तो पुढे चालविण्यासाठी काँग्रेसने अधिनियम केला पाहिजे, अशी स्पष्ट मर्यादा आहे.

(५) भेदभावास प्रतिबंध : १९३० च्या अधिनियमाच्या ३३८ व्या कलमाने, अमेरिकी व्यापाराशी भेदभाव करणाऱ्या देशाच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा दिली. २०२५ अखेरपर्यंत कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने या कलमाखाली शुल्क लावले नव्हते.

या तरतुदी एकत्र पाहिल्यास त्यांत एक सुसंगत योजना आढळते. जेथे चौकशी नाही तेथे दर व मुदत यांवर कडक बंधन आहे. जेथे दर व मुदत मोकळी आहे तेथे आधी चौकशी व विशिष्ट निष्कर्ष आवश्यक आहे. यापैकी कोणतेच बंधन नसलेला शुल्काधिकार काँग्रेसने या तरतुदींत दिलेला नाही.

१९७१ चा अधिभार : १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलर व सोने यांची परिवर्तनीयता थांबविली आणि त्याच वेळी शुल्कपात्र आयातीवर १० टक्के अधिभार बसविला. परराष्ट्रांनी आपली चलने वधारावीत, हा त्यामागील हेतू होता. डिसेंबर १९७१ मध्ये वॉशिंग्टन येथे तसा समझोता झाल्यावर अधिभार काढून टाकण्यात आला. जपानहून आतओढ साखळ्या (झिपर) आयात करणाऱ्या योशिदा या व्यापारी संस्थेने भरलेल्या रकमेच्या परताव्यासाठी दावा लावला. निक्सन यांच्या उद्घोषणेत १९१७ च्या शत्रुव्यापार अधिनियमाचा नामनिर्देश नव्हता. दाव्यात मात्र शासनाने त्याचाच आधार घेतला. या अधिनियमाने संकटकाळात आयातीचे ‘नियमन’ करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास दिलेला होता. सीमाशुल्क न्यायालयाने १९७४ मध्ये अधिभार अवैध ठरविला. अपील न्यायालयाने १९७५ मध्ये तो निर्णय फिरविला. तथापि अधिभार तात्पुरता होता आणि काँग्रेसने घालून दिलेल्या उच्चतम दरांच्या आत होता, या गोष्टींवर अपील न्यायालयाने भर दिला. यापुढे असा अधिभार लावावयाचा झाल्यास तो १९७४ च्या १२२ व्या कलमाच्या मर्यादेत बसला पाहिजे, असेही त्याने नमूद केले.

आर्थिक संकटाधिकार अधिनियम : व्हिएटनाम युद्ध व वॉटरगेट प्रकरण यांनंतर काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाच्या आणीबाणीच्या अधिकारांची छाननी केली. दशकानुदशके न संपलेल्या जुन्या आणीबाण्या तिला आढळल्या. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी अधिनियमाने आणीबाणी जाहीर करण्याची व संपविण्याची रीत घालून दिली. १९७७ च्या आंतरराष्ट्रीय आर्थिक संकटाधिकार अधिनियमाने शत्रुव्यापार अधिनियमातील शांतताकालीन अधिकार काढून घेऊन त्यांऐवजी मर्यादित अधिकार दिले. परदेशातून उद्भवणाऱ्या असाधारण व अपूर्व धोक्याचा मुकाबला करण्यासाठी राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी जाहीर केल्यावर परकीय मालमत्तेसंबंधीचे व्यवहार व आयात-निर्यात यांची चौकशी करणे, त्यांवर निर्बंध घालणे, त्यांचे नियमन करणे वा ते रोखणे अशी अनेक क्रियापदे या अधिनियमात आहेत. ‘शुल्क’ वा ‘कर’ हा शब्द मात्र त्यात कोठेही नाही. १९७९ मध्ये इराणी मालमत्ता गोठविण्यासाठी त्याचा प्रथम वापर झाला. त्यानंतर सु. चार दशकांहून अधिक काळ तो निर्बंधांसाठीच वापरला गेला. त्याच्या आधारे कोणी आयातशुल्क बसविले नाही.

२०२५-२६ चा वाद : फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनल्ड ट्रंप यांनी अमली पदार्थांची चोरटी आयात व स्थलांतर यांसंबंधीच्या आणीबाणीचा आधार घेऊन कॅनडा, मेक्सिको व चीन यांच्या मालावर शुल्क लावण्याचे आदेश काढले. २ एप्रिल २०२५ रोजी व्यापारातील चालू तूट हीच आणीबाणी ठरवून जवळजवळ सर्व देशांच्या मालावर किमान १० टक्के व अनेक देशांवर त्याहून अधिक अशी ‘परस्पर’ शुल्के जाहीर झाली. दोन्हींचा आधार १९७७ चा अधिनियम हा होता. दर बदलणे, स्थगित करणे, एखाद्या देशास सूट देणे वा अधिक भार टाकणे हे सर्व आदेशाद्वारे होऊ लागले. भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीच्या कारणावरून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के असा एकूण ५० टक्के भार पडला. कोळंबी, कापड व तयार कपडे, रत्ने व दागिने या निर्यातींना त्याची झळ लागली. अमेरिकेच्या बाजारपेठेवर अवलंबून असलेल्या मुंबईच्या सीप्झ क्षेत्रातील दागिन्यांच्या कारखान्यांचाही त्यांत समावेश होता. रशियन तेलासंबंधीचा अधिक भार फेब्रुवारी २०२६ मध्ये मागे घेण्यात आला.

न्यूयॉर्कमधील मद्य आयात करणारी एक लहान व्यापारी संस्था, तिच्यासारखे इतर काही छोटे व्यावसायिक आणि ऑरेगनसह बारा घटक राज्ये यांनी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात दावे लावले. शैक्षणिक खेळण्यांच्या दोन उत्पादकांनी वॉशिंग्टन येथे वेगळा दावा केला. व्यापार न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २८ मे २०२५ रोजी ही शुल्के अधिकारबाह्य ठरविली. संघीय अपील न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२५ रोजी सात विरुद्ध चार मतांनी तोच निष्कर्ष काढला. सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर रोजी युक्तिवाद झाले आणि २० फेब्रुवारी २०२६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला : १९७७ चा अधिनियम राष्ट्राध्यक्षास आयातशुल्क बसविण्याचा अधिकार देत नाही.

सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले. शांततेच्या काळात शुल्क बसविण्याचा राष्ट्राध्यक्षाचा स्वयंभू अधिकार नाही, हे शासनासही मान्य होते. म्हणून प्रश्न अधिनियमाच्या अर्थाचाच उरला. शुल्क बसविणे ही करआकारणीची शाखा असून ‘आयातीचे नियमन’ या शब्दांत ती सामावत नाही. काँग्रेस जेव्हा शुल्काचा अधिकार देते, तेव्हा तसे स्पष्ट म्हणते व त्यास मर्यादाही घालते, असे न्यायालयाने दाखवून दिले. अतिमहत्त्वाच्या आर्थिक व राजकीय प्रश्नांवरील अधिकार काँग्रेसने दिल्याचे मानण्यापूर्वी तिची निःसंदिग्ध संमती दिसली पाहिजे, या सिद्धांताचाही निकालपत्रात आधार आहे. त्या भागास मात्र बहुमतातील तिघांचाच पाठिंबा होता. उरलेल्या तिघींच्या मते शब्दार्थाच्या नेहमीच्या पद्धतीनेच हा निष्कर्ष निघतो. न्यायमूर्ती कॅव्हनॉ, टॉमस व ॲलिटो यांनी भिन्न मत दिले. आयातीच्या नियमनात शुल्क हे परंपरेने एक साधन मानले गेले आहे व १९७१ चा अधिभार आणि अल्गॉन्क्विन निकाल याची साक्ष देतात, असे कॅव्हनॉ यांचे म्हणणे होते. आधी वसूल झालेल्या रकमांच्या परताव्याची रीत न्यायालयाने निकालात सांगितली नाही.

निकालाच्या दिवशीच राष्ट्राध्यक्षांनी १२२ व्या कलमान्वये उद्घोषणा काढून २४ फेब्रुवारी २०२६ पासून १५० दिवसांसाठी १० टक्के अधिभार जाहीर केला. हे कलम त्यापूर्वी कधीही वापरले गेले नव्हते. २३२ व ३०१ या कलमांखालील शुल्कांना निकालाने धक्का लागला नाही. न्यायालयाने एक मार्ग बंद केला. काँग्रेसने अटींसह दिलेले इतर मार्ग खुलेच राहिले.

न्यायालयीन नियंत्रणाची कक्षा : राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराची सामान्य मीमांसा यंगस्टाउन खटल्यात (१९५२) आढळते. कोरियन युद्धाच्या काळात ट्रूमन यांनी पोलादाच्या गिरण्या ताब्यात घेतल्या असता न्यायालयाने ते अवैध ठरविले. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी आपल्या सहमतीच्या मतात राष्ट्राध्यक्षाच्या कृतींची वर्गवारी केली : काँग्रेसच्या संमतीने केलेली कृती सर्वांत बलवान, तिच्या मौनात केलेली संदिग्ध आणि तिच्या इच्छेविरुद्ध केलेली सर्वांत दुर्बळ. आयातीबाबत याचा प्रत्यय पुढच्याच वर्षी आला. कॅनडातून येणाऱ्या बटाट्यांसंबंधी शासनाने केलेला करार एका अपील न्यायालयाने १९५३ मध्ये निष्प्रभ ठरविला. परराष्ट्रव्यापाराचे नियमन काँग्रेसचे असून तिने ठरविलेली रीत सोडून कार्यकारी करार करता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये तो निकाल कायम केला, पण निराळ्या कारणावरून.

तथापि न्यायालये एका मर्यादेपलीकडे जात नाहीत. राष्ट्रीय सुरक्षेस खरोखर धोका आहे किंवा नाही, हे ठरविण्याच्या भरीस ती सहसा पडत नाहीत. २३२ वे कलम हेच अमर्याद अधिकारदान असल्यामुळे घटनाबाह्य आहे, हा पोलाद आयातदारांचा दावा व्यापार न्यायालयाने २०१९ मध्ये व अपील न्यायालयाने २०२० मध्ये अल्गॉन्क्विन निकालाच्या आधारे फेटाळला. अधिकार अधिनियमाच्या शब्दांत बसतो की नाही हे न्यायालय पाहते. असा अधिकार देणे शहाणपणाचे होते की नाही, हे काँग्रेसनेच पाहावयाचे असते.

काँग्रेसचे नियंत्रण : दिलेला अधिकार परत घेणे काँग्रेसला दिसते तितके सोपे नाही. १९७६ च्या अधिनियमानुसार दोन्ही सभागृहांच्या ठरावाने, राष्ट्राध्यक्षाच्या स्वाक्षरीवाचून, आणीबाणी संपविता येत असे. परंतु चड्ढा खटल्यात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षापुढे न ठेवलेला असा कोणताही वैधानिक नकार घटनाबाह्य ठरविला. १९८५ च्या दुरुस्तीनंतर आणीबाणी संपविण्यासाठी संयुक्त ठराव राष्ट्राध्यक्षाकडे पाठवावा लागतो. त्याने तो नाकारल्यास दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागते. अधिकार देण्यास साधे बहुमत पुरते, तर राष्ट्राध्यक्षाच्या इच्छेविरुद्ध तो काढून घेण्यास दोन-तृतीयांश लागते, अशी विषम स्थिती यातून निर्माण झाली. २ एप्रिल २०२५ रोजी सीनेटने कॅनडासंबंधीची आणीबाणी संपविण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी संमत केला. परंतु प्रतिनिधिगृहाने त्या वर्षी अशा ठरावांसाठीच्या मुदतीचे दिवस न मोजण्याचा नियम करून ते मतदानास येऊ दिले नाहीत.

काँग्रेसने मनावर घेतल्यास काय होऊ शकते, याचेही उदाहरण आहे. १९८० मध्ये कार्टर यांनी २३२ व्या कलमाखाली तेलावर असे शुल्क योजिले की, त्याचा भार पेट्रोलच्या दर गॅलनमागे सु. १० सेंट पडावा. एका जिल्हा न्यायालयाने ते अवैध ठरविले. काँग्रेसनेही ते रद्द करणारे विधेयक संमत केले आणि कार्टर यांनी नकाराधिकार वापरला असता दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी तो डावलला. कार्टर यांच्याच पक्षाचे तेव्हा दोन्ही सभागृहांत बहुमत होते.

भारतीय विधीशी तुलना : भारतात संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या प्राधिकारावाचून कोणताही कर बसविता वा वसूल करता येत नाही. आयातशुल्काचे दर १९७५ च्या सीमाशुल्क दरपत्रक अधिनियमात दिले असून, त्याच्या ८ अ कलमान्वये तातडीच्या परिस्थितीत केंद्र सरकार अधिसूचनेने शुल्क वाढवू शकते. ती अधिसूचना संसदेपुढे मान्यतेसाठी ठेवावी लागते. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असल्याने कार्यकारी व विधी या शाखांतील संघर्ष अमेरिकेइतका तीव्र होत नाही. मात्र न्यायालयीन तपासणी तेथेही असते. पुलवामा येथील हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी मालावरील शुल्क या कलमान्वये २०० टक्के करण्यात आले. ही अधिसूचना त्या रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी त्यापूर्वी ज्यांनी आयातपत्रे दाखल केली होती, त्यांना वाढीव दर लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. वाढीचा अधिकार मान्य झाला. तो मागील वेळेस लावण्यास मात्र मनाई झाली.

समालोचन : राष्ट्राध्यक्षास शुल्काचे अधिकार देण्यामागे सबळ कारणे होती. वाटाघाटीत शब्दाला वजन असावे, परराष्ट्राच्या अन्यायास त्वरित उत्तर देता यावे आणि १९३० सारखी मतदारसंघांची ओढाताण टळावी, असे काँग्रेसला वाटले. परंतु शुल्क एका स्वाक्षरीने चढू व उतरू लागले, म्हणजे माल मागविणाऱ्यास त्याची किंमत आगाऊ ठरविता येत नाही. सवलतीसाठी विधिमंडळाऐवजी कार्यकारी शाखेकडे धाव घ्यावी लागते आणि कर कोणी बसविला याचा जाब मतदाराला आपल्या प्रतिनिधीस विचारता येत नाही. १८९२ पासून २०२६ पर्यंतच्या निकालांनी अधिकार सोपविण्याची प्रथा मान्य केली, पण तो सोपविल्याचा पुरावा अधिनियमाच्या शब्दांत मागितला. त्या शब्दांची व्याप्ती किती असावी आणि चौकशी, दर व मुदत यांची बंधने किती घट्ट असावीत, हे ठरविण्याची जबाबदारी १७८७ प्रमाणे आजही काँग्रेसवरच आहे.